पसा-मंडळाचे तपासनीस

साऱ्या वऱ्हाडात दानधर्मासाठी एरंडेल प्यालेले एकच गृहस्थ होऊन गेले, आणि ते माझे चुलत सासरे, आमचे काकाजी होते. दानधर्मासाठी लोकांनी जमिनी दिल्या आहेत, विहिरी खणल्या आहेत, कुणी अंगावरचे दागिने उतरवून दिले आहेत. पण धर्मार्थ दवाखान्यातले औषध रोग्याच्या पोटात जाते की बाटलीतच राहते, हे पाहण्यासाठी पोटदुखीचे सोंग घेऊन तिथल्या बाकावर जाऊन बसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कंपाउंडरने जीभ बघितली, पोट दाबले आणि समोर उभे राहून भला मोठा डोस पाजला. काकाजी दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मंडळापुढे अहवाल ठेवला : "औषध मिळते. पुरेसे मिळते."

काकाजींची उभी हयात शाळाखात्यात तपासनीस म्हणून गेली होती. भातकुली, नांदगाव खंडेश्वर, चांदूर बाजार अशा गावोगावच्या शाळा त्यांनी बैलांच्या दमणीत बसून, धूळ खात तपासल्या. पेन्शन घेऊन ते अमरावतीत आमच्या शेजारच्या घरात राहायला आले, तेव्हा खाते सुटले पण तपासणी काही सुटली नाही. भाजीवालीकडच्या वांग्यांपासून देवळातल्या घंटेपर्यंत काहीही समोर आले की ते थांबत, चष्मा कपाळावर चढवत आणि प्रश्न विचारू लागत. मी साताऱ्याकडची मुलगी. लग्न होऊन या घरी आले तेव्हा मोठ्यांच्या पाया पडत पडत त्यांच्यापर्यंत पोहोचले. सगळ्यांनी आशीर्वाद दिले होते. यांनी विचारले, "अडीचकी येते काय?" मी भेदरून तो पाढा दहापर्यंत म्हटला आणि अडले. ते म्हणाले, "अडल्यावर रडली नाई. पास." आमच्या घरात त्यानंतर कित्येक वर्षे मी 'पास झालेली सून' होते.

त्यांच्या बोलण्याची मला आधी फार भीती वाटे. आमच्याकडे असे रोखठोक कुणी बोलत नसे. एकदा धीर करून मी विचारले, की तुम्ही इतके शिकलेले, मग असे वऱ्हाडी का बोलता? तर म्हणाले, "सूनबाई, तीस वर्षं शुद्ध बोललो, त्याचा सरकारनं पगार देल्ला. आता पेन्शनीत कावून बोलू?"

आमच्या भागातल्या वीसेक घरांचे मिळून एक मंडळ होते. त्याला नाव असे कुणी ठेवले नव्हते. सगळे त्याला पसा-मंडळ म्हणत. घरची बाई रोज सकाळी स्वयंपाकाला लागण्याआधी ओंजळभर, म्हणजे एक पसा ज्वारी वेगळ्या मडक्यात टाकी. वर्षाअखेर ती ज्वारी विकली जाई, पुरुष मंडळी त्यात आपापल्या ऐपतीप्रमाणे भर घालत, आणि रथसप्तमीच्या दुपारी आमच्या ओसरीवर सभा भरून, हे सगळे यंदा गावातल्या कुठल्या संस्थेला द्यायचे ते ठरे. माझे सासरे नावाजलेले वकील, ते अध्यक्ष. काकाजींना कुठलेही पद नव्हते, पण मंडळाचे दोन्ही नियम त्यांनीच करून ठेवले होते. पहिला, की जे द्यायचे ते एकाच संस्थेला, सगळेच्या सगळे. "वाटून देल्लं तं कोनाचंच भागत नाई." आणि दुसरा, की ज्याने जागा डोळ्यांनी पाहिली असेल त्यानेच तिच्याविषयी बोलावे.

हा दुसरा नियम ते स्वतः इतक्या निष्ठेने पाळत, की अन्नछत्राचा अर्ज आला तेव्हा ते आठ दिवस तिथल्या पंगतीत बसून जेवले. काकींनी घरी केलेले वरणभात झाकून ठेवायचे आणि संध्याकाळी गाईला घालायचे. धर्मशाळेचा अर्ज आला तेव्हा वळकटी घेऊन तिथे चार दिवस राहिले. काकींनी त्यांना अंगणातच कपडे बदलायला लावले, कारण अहवालातले ढेकूण घरात यायला नको होते. पाणपोईवर ते सकाळ, दुपार, संध्याकाळ पाणी पिऊन आले. गोरक्षणात तर त्यांनी राखणदाराला प्रत्येक गाईचे नाव विचारले. चार गाईंची नावे त्याला आली नाहीत, म्हणून अर्ज वर्षभर लांबणीवर पडला. लोक हसत, पण मंडळाने दिलेले वाया गेले असे कधी झाले नाही.

या सगळ्यात त्यांचा स्वतःचा एकच अर्ज होता, आणि तो नऊ वर्षे मागे राहिला होता. त्यांना गावात सार्वजनिक वाचनालय हवे होते. वकिलांसाठी नव्हे, बाजारात माल घेऊन आलेला माणूस गाडी सोडून तासभर बसू शकेल असे, फुकट. त्यासाठी ते पुस्तके जमवत. कुणाकडे चहाला गेले की फळीवरचे पुस्तक हातात घेत आणि विचारत, "हे वाचून झालं काय?" झाले म्हटले की ते पिशवीत टाकत, नाही म्हटले तर महिन्याने पुन्हा येऊन विचारत. अशी पुस्तके सरकीच्या रिकाम्या पोत्यांत भरून त्यांच्या दोन खोल्यांत आढ्याला लागली होती. काकी पोत्यांच्या आडव्या वाटेने स्वयंपाकघरात जात. "लोकाच्या घरी पोत्यात धान्य असते," त्या म्हणत, "मी उघडलं तं व्याकरन निघते." पण बोलताना त्या हसत, आणि पोत्यांना उंदीर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला त्याच घालून ठेवत. दर वर्षी काही ना काही जास्त निकडीचे निघे आणि काकाजी स्वतःच म्हणत, पुढच्या वर्षी पाहू. त्या वर्षी मात्र सगळ्यांनी मनाशी ठरवले होते, की यंदा म्हाताऱ्याचे वाचनालय. चौकाजवळची एक जागाही बोलून ठेवली होती. संक्रांतीला काकाजींनी तिळगूळ दिला तेव्हा त्यांचा चेहरा पहिली नेमणूक झालेल्या तरुण मास्तरासारखा दिसत होता.

आणि मग त्यांना मेथी मिळाली नाही.

बाजारात एक माळीण बसे. पन्नाशीची, उंच, काळीसावळी, विधवा. गावाबाहेर तिचा लहानसा मळा होता. मेथी, पालक, झेंडूची फुले घेऊन ती रोज येई. काकाजी तिच्याकडेच भाजी घेत, कारण ती त्यांच्या प्रश्नांना उलट प्रश्न करी. त्या आठवड्यात ती तीन दिवस आली नाही. चौथ्या दिवशी काकाजींनी चष्मा कपाळावर चढवला.

"कावून नाई आली?"

"बाई अडली होती, मास्तर."

"कोन बाई?"

"मले काय मालूम? गाडीत घालून आनली होती. नाव मंग इचारतो आमी."

असे एकेक करून त्यांनी तिच्याकडून काढून घेतले. ती सुईण होती. मळ्यात कांदे ठेवायची चाळ होती, तिला कुडाच्या भिंती घालून तिने दोन खोल्या केल्या होत्या. आसपासच्या खेड्यांतून अडलेल्या बाया, कुणी नसलेल्या, कुणी घालवून दिलेल्या, तिथे येत. मोठ्या इस्पितळात जायला त्या भीत आणि तिच्याकडे येत. बारा वर्षे हे चालले होते आणि त्याच गावात वीस घरांचे एक मंडळ दर वर्षी चांगली संस्था शोधत होते.

काकाजी त्याच दुपारी मळ्यात गेले. माळणीने त्यांना दारातच अडवले.

"मांगं सरका, मास्तर. इथं बाप्याचं काम नाई."

"मी काई करत नाई. फक्त पायतो."

"पायाचंच काम नाई."

तीस वर्षांत त्यांना कुठल्या दाराने अडवले नव्हते. सरकारी शाळेचे दार ते लाथ मारूनही उघडू शकत. इथे ते विहिरीजवळ थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मागच्या दाराशी येऊन त्यांनी मला हाक मारली. "सूनबाई, माझ्यासाठी एक जागा पाहून येशीन काय?"

संक्रांतीनंतरचे हळदीकुंकवाचे दिवस होते, त्यामुळे फुले आणायला जाते असे सांगून मला बाहेर पडता आले. सोबत काकी होत्या. काकाजींनी मला प्रश्न पाठ करून दिले होते : खोल्या किती, खाटा किती, पाणी कुठून, हात धुते काय, नाळ कशाने कापते. काकी विहिरीच्या कठड्यावर बसल्या. माळणीने मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"पोर झालं काय तुले?"

"नाही अजून."

"मंग भेशीन. ये."

पहिल्या दिवशी मी नुसती बसले आणि प्रश्नांची उत्तरे गोळा केली. दुसऱ्या दिवशी दुपारी भातकुलीकडून एक बैलगाडी आली. गाडीत सोळा-सतरा वर्षांची पोर होती आणि तिची म्हातारी सासू. एक खाट होती, तिच्यावर आधीच एक बाई होती. तिच्याही कळा सुरू झाल्या होत्या. पोरीला जमिनीवर गोधडी घालून निजवले. चुलीवर एकच पातेले होते. माळीण या खोलीतून त्या खोलीत जात होती, हात राखेने आणि रिठ्याने घासत होती, पुन्हा जात होती. मला म्हणाली, "हिचा हात धर. सोडू नको." मी धरला. ती पोर माझ्यापेक्षा लहान होती. तिने माझ्या मनगटात नखे रोवली आणि ओरडली नाही. फक्त "बाई वो, बाई वो" एवढेच पुटपुटत राहिली.

खाटेवरच्या बाईला मुलगा झाला आणि तो खणखणीत रडला. पोरीचे मूल त्याच वेळी पायाळू आले. माळीण धावत आली, पण पाणी त्या खोलीत संपले होते, विळा तापवायचा राहिला होता, आणि तिला हात दोनच होते. तिने मूल बाहेर काढले, उलटे धरले, पाठीवर थापटले, त्याच्या तोंडात आपला श्वास घातला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग ती थांबली आणि तिने ते माझ्या मांडीवर ठेवले, कारण तिला पोरीला वाचवायचे होते. पोर वाचली. स्वच्छ कापड उरले नव्हते, म्हणून माळणीने आपल्या लुगड्याचा पदर फाडला आणि बाळाला त्यात गुंडाळले. मुलगी होती.

मी घरी येऊन न्हाणीत बसून राहिले. संध्याकाळी काकाजी ओट्यावर आले. मी त्यांच्या प्रश्नांची उत्तरे दिली. दोन खोल्या, एक खाट, पाणी विहिरीचे, हात धुते, विळा विस्तवात धरून. ते एरवी सगळे टिपून घेत. त्या दिवशी पेन्सिल खिशातच राहिली. मग मी बाकीचेही सांगितले. ते त्यांनी ऐकून घेतले, आणि 'पास' किंवा 'नापास' काहीच न म्हणता ते उठून गेले. काकी दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, की सकाळपासून नुसते पोत्यांच्या खोलीत बसून आहेत, एकही पोते उघडत नाहीत.

रथसप्तमीला ओसरीवर मंडळी जमली. बायका आत, दाराच्या आड. वाचनालयाच्या जागेचा कच्चा नकाशा एका वकिलांनी मुद्दाम करून आणला होता. माझे सासरे हसून म्हणाले, "दादा, यंदा तुमचंच. बोला."

काकाजी उठले. "मले एक दुसरी जागा सांगायची आहे," ते म्हणाले, "पन ती मी पाह्यली नाई. मले दारातून परत लावलं. ज्यानं पाह्यली त्यानं बोलावं, हा आपला नियम आहे. पाह्यली आमच्या सूनबाईनं."

सासऱ्यांच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. घरच्या सुनेने पुरुषांच्या सभेत बोलावे, हे त्या काळी कुणाच्या स्वप्नातही नव्हते. मागून काकींनी माझ्या पाठीला हात लावला. मी उंबऱ्यापर्यंत गेले आणि डोक्यावरचा पदर धरून उभी राहिले. तोंडातून शब्द फुटेना. तेव्हा काकाजी माझ्याकडे वळले, चष्मा कपाळावर चढवला आणि शाळेतल्या पोरीला विचारावे तसे त्यांनी विचारले, "खोल्या किती?"

"दोन," मी म्हणाले.

"खाटा?"

"एक."

"पानी तापवायले पातेली?"

"एकच."

"तू गेली त्या दिवशी बाया किती होत्या?"

"दोन."

"मंग काय झालं?"

या प्रश्नाचे उत्तर मी पाठ केलेले नव्हते. मी सांगितले. बाळाला कशात गुंडाळले तेही सांगितले. शेवटी म्हणाले, "ते माझ्या मांडीवर होते. तोवर ऊब होती त्याला."

नकाशा आणणारे वकील सौम्यपणे म्हणाले, "वाईट झालं, पण ही संस्था कुठे आहे? कमिटी नाही, हिशेब नाही. ही तर एक बाई आहे."

"हाव," काकाजी म्हणाले. "एक बाई आहे. तेच तं सांगून राहिलो."

"आणि तिचा अर्ज?"

"अर्ज ती करत नाई. इचारलं मी. म्हन्ते, पैसा देल्ला तं दीर मागाले येतीन. खाटा द्या, पातेली द्या, कापड द्या, छपरावर कवेलू घाला."

सासरे म्हणाले, "दादा, आपला नियम एकाच संस्थेला देण्याचा आहे. तुमचं वाचनालय—"

"वाचनालयाचा अर्ज मी मांगं घेतो."

हे ते पटकन म्हणाले, जसे काटा काढताना माणूस पटकन ओढतो. आणि खाली बसले. बसताना त्यांनी आधारासाठी खांब चाचपला, तो त्यांना लगेच सापडला नाही. दाराच्या आडून, कुणाची परवानगी न विचारता, काकींचा आवाज आला : "ज्वारी आमची आहे. आमाले मंजूर आहे." आतल्या सगळ्या बायकांनी बांगड्या वाजवल्या. माझ्या सासऱ्यांनी एकदा दाराकडे आणि एकदा आपल्या चुलत भावाकडे पाहिले. "मंजूर," ते म्हणाले. त्यांचा राग मात्र माझ्यावर महिनाभर टिकला.

पुढच्या दोन महिन्यांत त्या चाळीवर कवेलू, म्हणजे कौले, चढली. चार लोखंडी खाटा गेल्या, पितळी पातेली गेली, धुवट कापडाचे गठ्ठे गेले. एक शिकलेली नर्स आठवड्यातून एकदा जाऊ लागली. माळीण आधी तिच्याशी भांडली, मग तिच्याकडून शिकली. आभार मानायला ती कधी आली नाही. एका सकाळी काकाजींच्या ओट्यावर मेथीची टोपली ठेवलेली सापडली, एवढेच. काकाजी ती घेऊन थेट बाजारात गेले आणि किंमत विचारली. तिने सांगितली नाही. त्यांनी विचारणे सोडले नाही. त्या दिवशी कितीतरी गिऱ्हाइके खोळंबली म्हणतात.

वाचनालय मात्र त्यानंतर मागेच पडत गेले. पुढच्या वर्षी तापाची साथ होती, त्याच्या पुढच्या वर्षी चौकाजवळची ती जागा दुसऱ्याने घेतली. मग लढाई सुरू झाली आणि मंडळाची ज्वारी घराघरांतच पुरेना. काकाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत गेला. ऑपरेशन झाले, ते नीट झाले नाही. अखेर त्यांचा मुलगा, जो अकोल्याला शिक्षक होता, येऊन दोघांना घेऊन गेला.

दोन वर्षांनी मी एका लग्नाला अकोल्याला गेले तेव्हा त्यांना भेटायला गेले. घर लहानसे, नीटनेटके, खोल्या मोकळ्या, एकही पोते नाही. ते खुर्चीवर बसले होते. माझा आवाज ऐकून त्यांचा चेहरा उजळला. मी त्यांना मळ्याची हकीकत सांगितली. आता तिथे माळणीच्या दोन सुना हाताखाली तयार झाल्या आहेत, भिंती विटांच्या झाल्या आहेत. ते एकेक गोष्ट दोनदा विचारून घेत होते. वाचनालयाविषयी त्यांनी विचारले नाही, आणि मीही काही बोलले नाही.

निघताना ते हट्टाने स्टेशनवर आले. मुलाने त्यांचा हात धरला होता. मी डब्यात बसले आणि ते खिडकीशी उभे राहिले. मुलगा पाणी आणायला गेला, तेवढ्यात ते खिडकीच्या गजाला धरून खाली वाकले.

"सूनबाई, एक सांगतो. कोनाले बोलू नको."

"नाही बोलणार."

"त्या दिवशी सभेत मी तुले प्रश्न इचारून राहिलो होतो ना, तवा मनात म्हनत होतो, हे पोरगी अडली पाह्यजे. आता अडन, आता अडन. तू अडली असती तं वाचनालय झालं असतं."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. म्हातारपणाने तो अगदी हलका झाला होता.

"मंग कशाला विचारलेत?" मी म्हणाले. इतक्या वर्षांनी माझ्याही बोलण्यात वऱ्हाड आले होते.

"इचारनं माझं काम होतं ना," ते म्हणाले, आणि हसले.

गाडीने शिट्टी दिली. मुलगा लगबगीने येऊन त्यांना मागे घेऊन गेला. गाडी हलली तसे ते हात हलवू लागले, पण माझ्या खिडकीकडे पाहून नव्हे. त्यांना दिसत नव्हते, त्यामुळे पुढच्या डब्यातल्या कुणा अनोळखी माणसांकडे पाहून ते हात हलवत होते. त्या डब्यातल्या एका बाईने बिचारीने बाहेर वाकून त्यांना उलट हात केला. मी मागून पाहत राहिले.